समुद्र ते दहिवडी, सहा फुटांत : पावसाच्या मॉडेलच्या नोंदी

७ मे २०२३, रविवार

सुट्टी लागली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. दरवर्षी सातवीला "पर्जन्यछायेचा प्रदेश" शिकवते, फळ्यावर एक त्रिकोण काढते, डावीकडून बाण, वर ढग, उजवीकडे कोरडं ऊन, पोरं वहीत तोच त्रिकोण काढतात, दोन मार्क मिळतात, विषय संपला. आणि आम्ही राहतो कुठं तर वाईत! म्हणजे त्या त्रिकोणाच्या उजव्या बाजूच्या उतारावरच आमची शाळा आहे आणि पोरांना ते माहितीच नसतं.

तर यंदा मॉडेल करायचं. अरबी समुद्रापासून माण तालुक्यापर्यंतचा आडवा छेद. हरिहरेश्वर, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा, कोरेगाव, दहिवडी. प्रत्येक गावामागं एक पारदर्शक नळी आणि नळीत त्या गावाचा वर्षाचा पाऊस. दीर सुतारकाम करतात, त्यांना विचारलं तर म्हणाले, वहिनी प्लायचा तुकडा पडलाय सहा फुटी, तेवढ्यात बसवा, नवीन शीट फाडणार नाही. ठीक आहे. सहा फूट तर सहा फूट.

१४ मे

स्केलवरून दिवस गेला. फक्त पूर्व-पश्चिम अंतर धरायचं ठरवलं कारण गावं काही एका रेषेत नाहीत, सातारा तर वाईच्या बरंच खाली दक्षिणेला आहे. नकाशावरून रेखांश मोजून अंतरं काढली. समुद्रकिनाऱ्यापासून पोलादपूर साधारण ४७ किमी, महाबळेश्वर ६८, पाचगणी ८३, वाई ९२, दहिवडी १६२. एक सेंमीला एक किमी धरलं तर १६२ सेंमी जमीन आणि १८ सेंमी समुद्र, एकूण १८०. सहा फुटांत बरोब्बर बसतंय, दीर खूश.

मग उंची. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर. त्याच स्केलने काढली तर किती होते? १.३५ सेंमी!! मी दोनदा गुणाकार केला. म्हणजे सहा फुटांच्या फळीवर आख्खा सह्याद्री माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आणि ह्या नखाएवढ्या उंचवट्यापायी एका बाजूला भातखाचरं तुडुंब आणि दुसऱ्या बाजूला टँकर. हे गणित पोरांकडूनच करून घ्यायचं, मी सांगायचं नाही.

अर्थात नखाएवढा डोंगर कुणाला दिसणार नाही म्हणून उंची २० पट वाढवली, १ सेंमीला ५० मीटर. आता महाबळेश्वर २७ सेंमी, पाचगणी जवळपास २६, वाई १४ च्या आसपास, पोलादपूर एक-सव्वा. मॉडेलवर ठळक लिहायचं की उंची २० पट फुगवलेली आहे. फळ्यावरच्या त्रिकोणात आपण हे कधीच सांगत नाही आणि पोरांना वाटतं घाट म्हणजे भिंतच.

२१ मे

पावसाचे आकडे. हे सोपं वाटलेलं, नाहीये. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस एका ठिकाणी साडेपाच हजार मिमी, दुसरीकडे सहा हजाराच्या वर. दोन्ही खोटे नाहीत, कुठल्या वर्षांची सरासरी घेतली त्यावर आहे. मी मधलं ५८०० धरलं. किनारपट्टीला तीन हजाराच्या आसपास, पोलादपूर त्याहून थोडं जास्त, पाचगणी अठराशे, वाई साडेसातशे, सातारा हजार, कोरेगाव सातशे, दहिवडी ४७० ते ५०० च्या दरम्यान. सगळे गोल आकडे आहेत हे मॉडेलवर लिहिणार, नाहीतर कुणीतरी दशांश घेऊन भांडायला येईल.

नळीचं स्केल १ सेंमीला १०० मिमी. महाबळेश्वर ५८ सेंमी. पाचगणी १८. वाई साडेसात. दहिवडी जेमतेम पाच.

महाबळेश्वर ते पाचगणी बसने अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात ४० सेंमी गायब. मी इथं वीस वर्षं राहते, त्या रस्त्याने शंभरदा गेले असेन, पण आकडे असे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा कुठं जाणवलं की पाऊस खरा कुठं कमी होतो ते. मला आपलं वाटायचं वाई ते माण हा मोठा फरक. तो तसा काहीच नाही, अडीच सेंमी. सगळी पडझड घाटमाथ्याच्या पहिल्या १५ किलोमीटरमध्येच होते.

८ जून

मॉन्सून आज केरळात. हवामान खात्याने ४ जून सांगितलेलं, नेहमीची तारीख १ जून. आज मृग पण निघाला. मामांना दहिवडीला फोन केला तर म्हणाले "पोरी, मृग निघाला पर निस्ता कॅलेंडरात. भाएर ऊन मी म्हणतंय." अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ फिरतंय, त्यामुळं वाऱ्यांचं सगळं गणित विस्कटलंय.

कामात प्रगती : थर्माकोलच्या शीट कापल्या, दोन सेंमी जाडीच्या. एकावर एक चिकटवून डोंगर.

१५ जून

शाळा सुरू. रेनकोट नवे, छत्र्या नव्या, पाऊस नाही. बिपरजॉय आज संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं.

दीर थर्माकोलच्या पायऱ्या घासून गुळगुळीत करायला निघाले होते, कसाबसा हात धरला. म्हणलं भाऊजी, राहू द्या पायऱ्या. सह्याद्री असाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदा नाही, पुन्हा पुन्हा पसरला, थरावर थर, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून तर लांबून बघितलं की डोंगर जिन्यासारखा दिसतो. डेक्कन ट्रॅपमधला "ट्रॅप" म्हणजे स्वीडिश भाषेत जिनाच. दीर म्हणाले मग मला आधी सांगायचं, पॉलिश पेपर आणला नसता.

पश्चिमेची बाजू मुद्दाम जास्त उभी ठेवली. पोलादपूर ते महाबळेश्वर २१ सेंमी आडवं आणि २६ सेंमी उभं. पूर्वेकडे मात्र पाचगणीपर्यंत जवळपास सपाट, मग पसरणी घाटात एकदम वाईपर्यंत बारा सेंमी खाली, आणि पुढं लांबच लांब पठार. सपाट माथ्यावर लाल रंग, जांभा दाखवायला. पाचगणीच्या टेबललँडचा दगड हाच.

२५ जून, रविवार

आला. मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी मॉन्सून पोचला म्हणे, असं १९६१ नंतर पहिल्यांदा झालं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, दिल्लीची बऱ्याच नंतरची, तर यंदा मुंबई रखडली आणि दिल्ली लवकर निघाली.

पोलादपूरच्या आत्याचा फोन, तिकडं लागून राहिलाय. "अगं रोपं टाकून बसलो होतो कधीची, आता लावणीला माणसं मिळेनात." इकडं वाईत रिपरिप.

२ जुलै

डोंगरावर कागदाचा लगदा थापला. जुने पेपर दोन दिवस भिजवून मिक्सरमध्ये (सासूबाईंना सांगितलं नाही, हे वाचून कळेल) फिरवून, त्यात फेव्हिकॉल. छान बसला. वाळायला स्टोअररूममध्ये ठेवला.

९ जुलै

बुरशी. आख्ख्या कोकण बाजूला हिरवट-काळी बुरशी आणि वास. चूक माझीच, जुलैमध्ये लगदा वाळवायला ठेवणारी मी आणि पोरांना आर्द्रता शिकवणारी पण मीच. गंमत म्हणजे महाबळेश्वर आणि पोलादपूरकडची बाजू खिडकीच्या बाजूला होती, ओल तिथून येत होती, माणची बाजू भिंतीकडे होती ती टणक वाळलेली. एका पोराने विचारलं पण, "मॅडम, हे मुद्दाम केलंय का?"

खरवडून काढलं. आता प्लास्टर ऑफ पॅरिस, अर्ध्या तासात घट्ट. आधीच करायला हवं होतं.

१६ जुलै

आज सुट्टी म्हणून पोरांना घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागेत गेलो, ढोल्या गणपतीच्या पलीकडं, जिथून पश्चिमेचा डोंगर दिसतो. एक तास नुसतं बघत बसायचं, बोलायचं नाही, असा गृहपाठ.

जे दिसलं ते लिहून ठेवते कारण हे पुस्तकात नाही. पाचगणीच्या कड्यावर ढगांची पांढरी गादी टाकल्यासारखी होती. वारा आपल्याकडं, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडं, चांगला जोरात. मग ती गादी आपल्या अंगावर यायला हवी ना? येत नाही. कड्यावरून तिची कड खाली लोंबते, दुधाला उतू आल्यासारखी खाली सरकते आणि अर्ध्या डोंगरात विरून जाते. मागून नवीन ढग येतोच आहे, पुढून विरतोच आहे, गादी तिथल्या तिथं. वाईच्या डोक्यावर मात्र मधेच निळं भोक पडलेलं. एक पोरगा म्हणाला मॅडम, ढग उतरताना संपतोय.

हेच, हेच! पुस्तकात वाक्य असतं "ढग डोंगराला अडतात". ढग म्हणजे काय म्हशी आहेत का कुंपणाला अडायला? वारा डोंगर चढतो, वर दाब कमी, हवा फुगते, फुगली की गार होते, गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होते, तो ढग. तिथंच बनतो तो, कुठून येऊन अडकत नाही. आणि पलीकडं उतरताना उलटं, हवा दाबली जाते, तापते, ढग पुन्हा वाफ होऊन दिसेनासा. शाळेत सायकलचा पंप आणला होता त्यावर दाखवलं, दहा-बारा वेळा दामटला की खालचं तोंड चटका देतं, आणि टायरची व्हॉल्व्ह दाबली की येणारी हवा गार. कोरडी हवा १००० मीटर उतरली की जवळपास १० अंशांनी तापते. महाबळेश्वरहून वाई साडेसहाशे मीटर खाली, म्हणजे ढग विरल्यावर सहा-साडेसहा अंश. चढताना मात्र एवढी गार होत नाही, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ती हवेतच राहते. त्यामुळं पलीकडं उतरलेली हवा नुसती रिकामी नसते, त्याच उंचीवर अलीकडं होती त्यापेक्षा गरमही असते.

पोरांना सगळ्यात आवडलं काय तर मिक्सरची गोष्ट. असो.

२० जुलै

शाळेत कुणाचं लक्ष नव्हतं. काल रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. टीव्हीवर सगळा चिखल आणि डोंगर.

पोरं मॉडेलपाशी येऊन पश्चिमेच्या उतारावर बोट ठेवून विचारत होती इर्शाळवाडी कुठं येईल. आपल्या छेदात येत नाही, ती बरीच उत्तरेला. पण उतार तोच, पायऱ्या त्याच, वर मऊ मातीचा थर आणि खाली कातळ, चार दिवस पाणी मुरत राहिलं की माती कातळावरून सुटते. दोन वर्षांपूर्वी महाडजवळ तळियेला झालं तेही ह्याच दिवसांत, २२ जुलै २०२१. ते मात्र आपल्या छेदात येतं. तेव्हाच महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडलेला. मॉडेलच्या नळीत जवळपास सहा सेंमी, एका दिवसाचा. दहिवडीच्या नळीत वर्षाचे पाच.

आज काम नाही केलं.

३० जुलै

नळ्या. आधी गवंड्याचा लेव्हल पाइप आणला होता स्वस्त म्हणून, तो गुंडाळीतून काढला तरी सापासारखा वळतोच, सरळ राहीना. शेवटी पुण्याहून ॲक्रेलिकच्या नळ्या मागवल्या, ६० सेंमीच्या नऊ. दीर म्हणाले दहिवडीला पाच सेंमीच लागतात तर नळी कापू, उरलेली दुसऱ्या कामाला येईल. कापायची नाही म्हणलं. सगळ्या सारख्याच उंच राहणार, दहिवडीची ५५ सेंमी रिकामी नळीच तर दाखवायचीये.

नळ्या डोंगरावर न ठेवता मागं पट्टीवर एका पातळीत उभ्या केल्या, नाहीतर महाबळेश्वर आधीच उंच, त्याची नळी छताला लागेल. निळं पाणी भरलं. दिसायला फारच भारी.

बाजूला नदीची पण गंमत जमली. जुन्या महाबळेश्वरला पाच नद्यांचं उगमस्थान मानतात, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. त्यातली सावित्री पश्चिमेकडं उडी मारून महाड-पोलादपूरकडून हरिहरेश्वर-बाणकोटला समुद्रात, मॉडेलवर ६८ सेंमीत खेळ खलास. कृष्णा तिथूनच निघून पूर्वेला, १४०० किमी जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला. आमच्या स्केलवर १४ मीटर. पोरांनी निळी सुतळी घेऊन मोजली तर वर्गातून बाहेर, व्हरांडा ओलांडून, पार नळाच्या कट्ट्यापर्यंत गेली. समुद्र पाठीमागं हाकेच्या अंतरावर असताना नदी तिकडं पाठ करून निघते कारण पठाराचा उतारच पूर्वेला आहे.

१३ ऑगस्ट

निळं पाणी हिरवं झालंय. शेवाळ. शिवाय पाचगणीची नळी गळते, अठराशेचं पंधराशे झालं. पाणी हा प्रकारच चुकला.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. सातवीत एक पोरगी आहे, मूळची माणची, वडील इथं कामाला. गप्प असते. ती दहिवडीच्या नळीपाशी बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, "मॅडम, आमच्यातला पाऊस आत्ता नसतोय. गणपती-नवरात्रात येतोय. ते ह्याच्यात कुठंय?"

ह्याच्यात कुठंच नाही. मी सगळं वर्ष एका नळीत ओतून टाकलं होतं. महाबळेश्वरचा पाऊस जुलैत शिगेला असतो, एकट्या जुलैचे दोन हजार मिमीच्या आसपास. माणमध्ये जुलै म्हणजे नुसता वारा, आणि सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. दोन गावांत नुसता कमी-जास्तीचा फरक नाही, पंचांगच वेगळं आहे. आणि हे मला माहीत होतं! आजोळ तिकडचं माझं. तरी नळ्या भरताना सुचलं नाही, कारण तक्त्यात "वार्षिक सरासरी" असा एकच रकाना होता.

२० ऑगस्ट

पाणी ओतून दिलं. आता रांगोळी. प्रत्येक महिन्याला एक रंग, थरावर थर. जून पोपटी, जुलै निळा, ऑगस्ट जांभळा, सप्टेंबर केशरी, ऑक्टोबर पिवळा, बाकीच्या महिन्यांचा मिळून पांढरा. कागदाचं नरसाळं करून पोरांनी भरली. थर भरला की नळीला टिचकी मारत बसायचं, नाहीतर रांगोळी नंतर दबते आणि आकडा चुकतो.

फरक लगेच दिसला. महाबळेश्वरच्या नळीत निळा आणि जांभळा मिळून बहुतेक नळी, केशरी वर थोडासा. तशीच पोलादपूर. वाईत येता येता निळा आखडतो. कोरेगावपर्यंत रंग सारखे व्हायला लागतात. दहिवडीत एवढुशा पाच सेंमीत केशरी सगळ्यात जाड.

कारण सांगताना मलाच नीट मांडावं लागलं. जुलैत मॉन्सूनचा वारा जोरात असतो, पार सोमालियाच्या किनाऱ्यावरून दीड किलोमीटर उंचीवर हवेची नदी अरबी समुद्र ओलांडून येते, ती घाटावर सरळ धडकते, घाटाला धो धो आणि पलीकडं उतरती हवा. मामा म्हणतात तसं, "ढगं निस्ती पळत्यात, थांबत न्हाईत." सप्टेंबरात तो पश्चिमेचा जोर ओसरतो. मग दुपारी जमीन तापते, बंगालच्या बाजूने दमट हवा येते, ढग जागच्या जागी उंच चढतात, गडगडाट, तासाभरात ओढे वाहते. त्या पावसाला डोंगर लागतच नाही. म्हणजे माणचा मुख्य पाऊस हा आमच्या त्रिकोणातला पाऊसच नाहीये.

२४ ऑगस्ट

काल चंद्रयान उतरलं, शाळेत पेढे. चंद्रावर पाणी शोधायला गेलोय आणि इकडं ऑगस्ट कोरडा. एक पोरगा म्हणाला "चंद्राची पण नळी ठेवू मॅडम, रिकामी."

यंदा अधिक श्रावण, त्यामुळं श्रावण १८ जुलैपासून सुरूच आहे, दोन महिने. ऊनपावसाचा श्रावण म्हणतात, त्यातलं ऊन पुरेपूर मिळालं. मघा नक्षत्र चालू आहे. मघांची ती चुलीपुढची म्हण इथं लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

१ सप्टेंबर

आकडा आला. देशात ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. जुलै मात्र १३ टक्के जास्त होता. एल निनोचं वर्ष आहे. प्रशांत महासागर तापला की आपल्याकडं पाऊस ओढ देतोच असं नाही, पण धोका वाढतो.

पोरांनी विचारलं मग आपली सरासरीची नळी यंदा खोटी का? खोटी नाही रे, पण यंदाची नाही. दिरांना सांगून प्रत्येक नळीवर एक काळी रबरी रिंग सरकवली. रांगोळी म्हणजे सरासरी, रिंग म्हणजे यंदा आजपर्यंत. गावोगावचे आकडे पोरं रविवारी गोळा करतात आणि रिंग वर सरकवतात.

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक पण आहे आता, रोज सकाळी साडेआठला बघायचा, हवामान खात्याचीच वेळ. अडीच मिमी किंवा जास्त भरला तरच "पावसाळी दिवस" मोजायचा. भुरभुर झाली तरी पोरं मापकाकडं पळतात आणि तोंड पाडून येतात. "मॅडम, दीडच."

१० सप्टेंबर

दहिवडीला जाऊन आले. वाटेत बाजरी बघितली, कुठं वीतभर, कुठं करपलेली. मामांच्या विहिरीत दोरी टाकून बघितली, बादली आपटल्याचा आवाज आला, पाण्याचा नाही. मामी म्हणाल्या "मेंढरं खाली घेऊन गेल्यात लोकं, कृष्णाकाठाला."

मामांना मॉडेलचे फोटो दाखवले. पाचगणी ते वाईच्या उतारावर बोट फिरवून म्हणाले, "म्हंजी आमचं पानी हितंच संपतंय व्हय?" मी म्हणलं मामा, संपत नाही, पुन्हा वाफ होऊन तुमच्या डोक्यावरूनच जातं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले "ते तर आजून वाईट."

२४ सप्टेंबर

गणपतीत शाळेतल्या देखाव्यात मॉडेल ठेवलं. लोकं येतात, आधी महाबळेश्वरची नळी बघतात, आ करतात, फोटो काढतात. दहिवडीच्या नळीपाशी ती माणची पोरगी उभी राहून सांगते. मी शिकवलेलं नाही, तिचं तिनेच बसवलंय. "हा केशरी रंग आमचा शाळूचा पाऊस. हा पडला तर रब्बी. निळा कमी पडला तर आमी रडत न्हाई, केशरी न्हाई पडला तर रडतो." एका काकांनी विचारलं तुमच्याकडं पाऊस पडतच नाही ना? तर म्हणाली, "पडतो की. तुमी कधी बघायला आला न्हाई."

परवा रात्री दहिवडीला एक जोरदार झाला, मामांचा ओढा वाहिला. शेजारच्या शिवारात थेंब नाही. परतीच्या पावसाचं हे असंच, बांधाच्या अलीकडं ओलं आणि पलीकडं धूळ.

८ ऑक्टोबर

हंगाम संपला. देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के. हा आकडा ऐकून वाटतं फार काही झालं नाही, सहा टक्केच कमी. आमच्या नऊ रिंगा बघितल्या तर एकही ९४ वर नाही, कुठली रांगोळीला लागून, कुठली बरीच खाली. देश म्हणजे सगळ्या नळ्या एकत्र ओतल्यावर जे होतं ते.

प्लास्टरला आंबेनळी घाटाच्या जागी तडा गेलाय. पोरं म्हणतात राहू दे, खऱ्या घाटात पण दरवर्षी जातो.

१ नोव्हेंबर

काल राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातले दोन, वाई आणि खंडाळा. वाई! कृष्णाकाठ, धोमचं धरण, ऊस-हळदीचं गाव.

सकाळी सकाळी मामांचा फोन. "काय गं, दुष्काळ तुमाला? आन माण यादीतच न्हाई?" मी समजवायला गेले की मामा, दुष्काळ किती मिमी पडला त्यावर ठरत नाही, तुमच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा किती कमी पडला, मधे किती दिवस खंड पडला, पिकांची अवस्था, जमिनीतली ओल, असं बरंच बघतात, ज्याची सरासरीच पाच सेंमी आहे त्याचं थोडं गेलं तर... इथं मीच थांबले. मामा म्हणाले "म्हंजी रोजच्या उपाशाला उपास धरत न्हाईत." मला उत्तर सुचलं नाही.

शाळेत गेल्यावर पोरं आधीच मॉडेलपाशी जमलेली. दहिवडीची नळी सोडून आज सगळे वाईच्या नळीकडं बघत होते. रिंग कुठं आहे विचारलं तर तळाशी. एवढी खाली कशी म्हणून बघितलं तर ती ढिली आहे, हात लागला की घसरते. वहीत बघून परत जागेवर आणली, दुपारपर्यंत पुन्हा खाली. फेविक्विक आणायचंय.